एका टन खाद्यातले शंभर ग्रॅम

कोंबड्यांच्या खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या एका पांढऱ्या भुकटीचे साडेपाच किलो जे काम करतात, ते दुसऱ्या एका भुकटीचे अवघे शंभर ग्रॅम करू शकतात. हिशेब एक टन खाद्याचा आहे. पहिली भुकटी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, व्यापाराच्या भाषेत ‘डीसीपी’. तिचे मूळ बहुधा कुठल्या तरी दूरदेशीच्या खाणीत असते. दुसरी म्हणजे ‘फायटेझ’ नावाचे विकर, अर्थात एन्झाइम. जनुकीय बदल केलेले यीस्ट किंवा बुरशी पोलादी टाकीत वाढवून ते तयार करून घेतले जाते. २०१९च्या पशुगणनेनुसार या देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी आहेत आणि २०२३-२४ या वर्षात येथे १४ हजार कोटींहून अधिक अंड्यांचे उत्पादन झाले. अशा देशात ही अदलाबदल किरकोळ मानता येणार नाही. तरीही आपल्या सार्वजनिक चर्चेत तिला जागा मिळालेली नाही. जनुकीय बदलांचा विषय निघाला की आपण बीटी वांगे आणि मोहरी यांच्यापाशी अडतो; आयातीवरील अवलंबित्वाचा निघाला की खनिज तेल आणि खते यांच्यापाशी. या दोन्ही प्रश्नांची गाठ कोंबडीच्या खाद्यपात्रात पडते, हे ध्यानातच येत नाही.

मुळात अडचण वनस्पतींनी निर्माण केलेली आहे. मका, सोयापेंड, भाताचा कोंडा यांत स्फुरद भरपूर असते; परंतु धान्ये आणि तेलबिया यांतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद ‘फायटेट’ या संयुगात बंदिस्त असते. गाई-म्हशींचे त्यावाचून अडत नाही, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव फायटेट फोडतात. कोंबडी, डुक्कर आणि बहुतेक मासे यांना ही सोय निसर्गाने पुरेशी दिलेली नाही. परिणामी दोन गोष्टी घडतात. खाद्यात बाहेरून खनिज स्फुरद घालावे लागते आणि धान्यातले स्फुरद न पचता विष्ठेवाटे बाहेर पडते. जाता जाता फायटेट कॅल्शियम, जस्त आणि लोह यांनाही जखडून ठेवते, हा आणखी एक तोटा.

खनिज स्फुरदाच्या बाबतीत निसर्गाने भारताला फारसे झुकते माप दिलेले नाही. उदयपूरजवळची झामरकोटरा ही आपली मोठी खाण. मध्य प्रदेशात झाबुआ आणि सागर येथेही साठे आहेत. पण देशाच्या गरजेचा फार मोठा भाग आयातीतून भागतो आणि जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के साठा मोरोक्को व पश्चिम सहारा या एकाच पट्ट्यात आहे. २०२१च्या उत्तरार्धात चीनने फॉस्फेटच्या निर्यातीवर निर्बंध आणले. पाठोपाठ २०२२मध्ये युक्रेनचे युद्ध भडकले आणि स्फुरदाच्या किमतींनी उसळी घेतली. खताच्या बाबतीत सरकारने अनुदान वाढवून शेतकऱ्याला त्याची झळ कमी बसू दिली. खाद्यातल्या डीसीपीवर मात्र असे कोणतेही छत्र नाही. काही डीसीपी हाडांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगातूनही मिळते. परंतु त्यावर देशाची गरज भागणे शक्य नाही.

आता त्या शंभर ग्रॅमांचा हिशेब. फायटेझची क्षमता ‘एककां’त मोजतात. एका किलो खाद्यात पाचशे एकके पडली तर सर्वसाधारणपणे एक ग्रॅम खनिज स्फुरदाची गरज उरत नाही. म्हणजे टनामागे एक किलो स्फुरद वाचते. डीसीपीमध्ये स्फुरद सुमारे १८ टक्के असल्यामुळे हे एक किलो म्हणजे साडेपाच किलो डीसीपी. बाजारात ग्रॅमला पाच हजार एककांची फायटेझ सर्रास मिळते आणि टनाला लागणारी पाच लाख एकके शंभर ग्रॅमांत मावतात. हिशेब कागदावर इतका सरळ आहे. प्रत्यक्षात तो कुठे बिघडतो, हे पुढे येईलच.

हे विकर प्रथम बाजारात आले १९९१मध्ये, नेदरलँड्समध्ये, तेही यीस्टपासून नव्हे तर एका बुरशीपासून. त्यामागे विज्ञानाइतकाच कायद्याचा रेटा होता. डुकरे आणि कोंबड्या यांच्या विष्ठेतील स्फुरदाने तेथील माती आणि पाणी यांचा कडेलोट होऊ लागला, तेव्हा शासनाने शेतावरच्या खतावर मर्यादा घातल्या आणि फायटेझला गिऱ्हाईक मिळाले. यीस्टचा प्रवेश त्यानंतरचा. ‘पिकिया पास्टोरिस’ (शास्त्रज्ञांनी अलीकडे या यीस्टचे नाव बदलले आहे, पण उद्योगात जुनेच रुळले आहे) हे मेथेनॉलवर जगू शकणारे यीस्ट. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीने ते जनावरांसाठी स्वस्त प्रथिन म्हणून वाढवायला घेतले होते. तेलाचे भाव भडकले आणि तो बेत फसला. ऐंशीच्या दशकात त्याच यीस्टला परक्या जनुकावरून प्रथिने बनवायला शिकवण्यात आले. मेथेनॉल मिळताच ते बसवलेल्या जनुकाचे काम जोमाने सुरू करते आणि तयार झालेले विकर पेशीबाहेर, द्रवात सोडून देते. स्वतःची प्रथिने ते बाहेर फारशी सोडत नाही. त्यामुळे द्रव गाळला, दाट केला, वाळवला की माल तयार. जनुक मात्र बहुधा ई. कोलाय या जीवाणूचे घेतात, कारण त्याचे फायटेझ कोंबडीच्या जठरातील आम्लात टिकते आणि तेथेच उत्तम काम करते.

हे तंत्र भारताला नवे आहे का? मुळीच नाही. १९९७मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हेपटायटिस-बीची जी देशी लस आणली आणि जिच्यामुळे या लसीची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली, ती याच पिकियामध्ये बनली होती. बंगळूरुच्या बायोकॉनचे इन्सुलिनही याच यीस्टचे. टोचायच्या औषधाला लागणारी शुद्धता ज्यांना साधली, त्यांना कोंबडीच्या खाद्यात घालायचे विकर बनवता येणार नाही, असे कोणी म्हणणार नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. १९७८मध्ये बायोकॉनची सुरुवातच मुळी विकरांपासून झाली होती आणि २००७मध्ये कंपनीने आपला विकरांचा व्यवसाय नोव्होझाइम्स या डॅनिश कंपनीला साडेअकरा कोटी डॉलरना विकला. त्यात गैर काही नव्हते. औषधांत नफा अधिक होता आणि व्यवसाय असेच चालतात. ठाण्याच्या ॲडव्हान्स्ड एन्झाइमसारख्या कंपन्या आजही पशुखाद्याची विकरे बनवतात, हेही खरे. पण चीनकडे पाहावे. त्यांच्या कृषी विज्ञान अकादमीच्या शास्त्रज्ञांनी १९९८मध्ये पिकियामधील फायटेझवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, ते तंत्र कारखान्यांपर्यंत नेले आणि आज तो देश फायटेझच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. त्या वेळी पिकिया आपल्याही प्रयोगशाळांत होते. आपल्याकडे नव्हती ती हे विकर शेतापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई३’ धोरणाला मान्यता दिली. त्यात जैविक रसायने आणि विकरे यांचा अग्रक्रमाच्या क्षेत्रांत समावेश आहे. जैविक उत्पादनाची केंद्रे उभारण्याची भाषा आहे, संशोधनाला निधी आहे. स्वागतार्हच आहे. परंतु हे धोरण टाकीच्या बाजूने विचार करते, खाद्यपात्राच्या बाजूने नव्हे. माझ्या मते आपली खरी अडचण उत्पादनाच्या आधी आणि उत्पादनाच्या नंतर आहे. आधी परवानगीत, नंतर मोजणीत.

परवानगीचे पाहू. जनुकीय बदल केलेल्या जीवांचे नियमन आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९च्या नियमांनी होते. असे जीव वापरून उत्पादन करायचे तर ‘जीईएसी’ या केंद्रीय समितीकडे जावे लागते, म्हणजे जिच्यापुढे बीटी पिकांचे खटले चालतात त्याच समितीकडे. शेतात सोडायचे बियाणे आणि बंद टाकीतील यीस्ट यांना एकाच दाराने आत घेणे गैरसोयीचे आहे, हे औषधांच्या बाबतीत आपल्या ध्यानात लवकर आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००५मध्ये अहवाल दिला. अंतिम औषधात जिवंत जनुकसंस्कारित जीव नसेल तर मार्ग सोपा असावा, हे त्याचे सूत्र होते. २००६पासून ते अमलात आले आणि पुनःसंयोजित औषधांचा रस्ता मोकळा झाला. त्यासाठी औषध महानियंत्रक हा एक जबाबदार अधिकारी आधीच जागेवर होता. पशुखाद्यासाठी तसा अधिकारी आहे कोण? माणसाच्या अन्नासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण आहे. खाद्याची मानके भारतीय मानक ब्यूरो ठरवतो. विषय पशुसंवर्धन खात्याचा. पण पशुखाद्याचा सर्वंकष असा केंद्रीय कायदाच नाही. त्यामुळे टाकीत बनलेले, गाळून वाळवलेले, जिवंत पेशी नसलेले विकर नेमके कोणाच्या टेबलावर जावे, याचे उत्तर ज्याला विचाराल त्याप्रमाणे बदलते.

अशी संदिग्धता असली की धोरण टंचाईच्या दिवशी, घाईघाईत ठरते. २०२१च्या उन्हाळ्यात सोयापेंडीचे भाव आकाशाला भिडले, कुक्कुटपालक दिल्लीत धडकले आणि ऑगस्टमध्ये सरकारने जनुकसंस्कारित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. दळलेल्या, तेल काढलेल्या पेंडीत जिवंत जीव नसतो, सबब हरकत नाही, असा पर्यावरण मंत्रालयाचा युक्तिवाद होता. युक्तिवाद बरोबर होता. पण तोच युक्तिवाद शांतपणे, नियमाच्या रूपाने, देशात बनणाऱ्या विकरालाही लागू करता आला असता. आयातीच्या तातडीत जे तत्त्व आपण मान्य केले, त्यावर देशी उद्योगाला भरवसा ठेवता येत नाही, ही विसंगती आहे. युरोपात फायटेझला परवानगी देताना उत्पादक यीस्टची जिवंत पेशी वा त्याचा बदललेला डीएनए अंतिम मालात उरलेला नाही ना, हे तपासले जाते आणि परवानगी दहा वर्षांपुरती असते. हा निकष उचलायला आपल्याला नव्या संशोधनाची गरज नाही.

जनुकीय बदलांना विरोध करणाऱ्यांचे म्हणणे येथे झटकून टाकू नये. त्यांच्या आक्षेपांपैकी काही टाकीलाही लागू पडतात: टाकीतले सांडपाणी, मारलेल्या यीस्टची विल्हेवाट, टाकीबाहेर निसटलेला जीव. पण तुलना योग्य गोष्टीशी हवी. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने १९९९मध्ये असे डुक्कर जन्माला घातले होते, ज्याच्या लाळेतच ई. कोलायचे फायटेझ पाझरत असे. विज्ञान अचंबित करणारे होते, पण मांस खायला कोणी पुढे येईना आणि २०१२मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. तेच जनुक टाकीतल्या यीस्टमध्ये बसवले तर जनावर जसेच्या तसे राहते. लोकांनी डुक्कर नाकारले आणि भुकटी स्वीकारली, त्यात मला लोकांचे शहाणपण दिसते. विकरांबाबतचा ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात असा आक्षेप वेगळाच आहे. या भुकटीची धूळ श्वासातून गेली तर ॲलर्जी व दमा होऊ शकतो. कोंबडीला काही होत नाही. खाद्य मिसळणाऱ्या गिरणीतल्या कामगाराला होते. धूळ न उडणारे दाणेदार विकर आणि कामगाराच्या तोंडावर मुखपट्टी, या अटी परवान्यातच असायला हव्यात.

आता मोजणीकडे येऊ, कारण माझ्या दृष्टीने खरी कोंडी तेथे आहे. तमिळनाडूतील नामक्कल हा देशाच्या अंडी उत्पादनाचा एक कणा. तेथील अनेक अंडी उत्पादक आपले खाद्य स्वतः दळतात, मिसळतात; ते भरड स्वरूपात असते, गोळी खाद्याप्रमाणे ऐंशी-नव्वद अंशांच्या वाफेतून जात नाही. म्हणजे विकर उष्णतेने मरण्याची भीतीही येथे नाही. फायटेझसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. आता अशा शेतकऱ्याच्या हातातील पाकीट डोळ्यांपुढे आणावे. त्यावर ग्रॅमला पाच हजार एकके असे छापलेले आहे. ती आहेत की तीन हजारच, गोदामातील उकाड्यात महिनाभर पडून ती किती उरली, हे त्याने जाणावे कसे? डीसीपीची पिशवी वजन करून, चोळून, फार तर प्रयोगशाळेत स्फुरद काढून पारखता येते. विकर ही पदार्थ नव्हे, क्षमता आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि काट्यावर चढत नाही.

आणि चूक झाली तर? त्याने पाकिटावर विश्वास ठेवून डीसीपी कमी केले आणि विकर निकामी निघाले, तर कोंबडीची हाडे ठिसूळ होतात, कवच पातळ पडते, अंडी फुटतात. हे दिसायला काही आठवडे जातात आणि तोवर पाकीट संपलेले असते. मग व्यवहारी शेतकरी काय करतो? तो दोन्ही घालतो. फायटेझही घालतो आणि डीसीपीही पूर्वीइतकेच ठेवतो. जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती बचत तेथेच नाहीशी होते. परकीय चलन वाचत नाही, विष्ठेतले स्फुरद घटत नाही आणि विकराचा खर्च मात्र अंगावर पडतो. शेतकऱ्याच्या अज्ञानाला यात दोष देऊ नये. अविश्वासाचा बाजारभाव त्याने अचूक काढलेला आहे.

युरोपीय शेतकऱ्यामागे खताच्या कायद्याचा धाक होता. आपल्या शेतकऱ्यामागे तोही नाही. उलट त्याचे कोंबडखत विकले जाते आणि त्यात स्फुरद जास्त असले तरी घेणारा तक्रार करत नाही. म्हणून आपल्याकडे फायटेझची मागणी डीसीपीच्या भावाबरोबर वर-खाली होते. असल्या हेलकावणाऱ्या मागणीवर कोणी मोठी टाकी उभारत नाही. मागणी स्थिर करायची तर अनुदानापेक्षा स्वस्त उपाय आहे: शेतकऱ्याला पाकिटावरच्या आकड्यावर विसंबता यावे. खाद्यातील फायटेझ मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००९पासून उपलब्ध आहे. नामक्कलला पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि खाद्य तपासणारी प्रयोगशाळाही. गोदावरी जिल्हे, हरियाणातील बरवाला अशा कुक्कुटपालनाच्या पट्ट्यांत प्रत्येकी एक अशी प्रयोगशाळा, पाकिटावर मुदत संपेपर्यंतची किमान हमी लिहिण्याची सक्ती, बाजारातून नमुने उचलून निकाल कंपनीच्या नावासह जाहीर करण्याची तरतूद, एवढ्यासाठी जैविक उत्पादन केंद्राच्या तुलनेत नगण्य पैसा लागेल. प्रामाणिक देशी उत्पादकालाच याचा सर्वाधिक लाभ होईल, कारण आज तो आणि पोकळ आकडा छापणारा एकाच रांगेत उभे आहेत.

स्वावलंबनाच्या उत्साहात एका गोष्टीचे भान ठेवलेले बरे. पिकियाला मेथेनॉल लागते आणि आपले बहुतांश मेथेनॉल आयातच होते. हे यीस्ट उसाची साखर स्वतः फोडू शकत नाही, म्हणून आपल्याकडची मळी त्याला तशीच पाजता येत नाही. ग्लिसरॉल किंवा मक्याच्या स्टार्चपासूनचे ग्लुकोज चालते, आणि मेथेनॉलशिवाय जनुक चालू ठेवण्याचे मार्गही आता उपलब्ध आहेत. मूळ पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. तेव्हा निधी द्यायचाच तर तो या दिशेला द्यावा; परदेशातील कृती जशीच्या तशी गिरवणाऱ्या कारखान्याला नव्हे.

आणि काही कामे अशी आहेत की जी परदेशी कंपनी आपल्यासाठी कधीच करणार नाही. आंध्र प्रदेशात कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांदरम्यान कोल्लेरू सरोवर आहे. १९९९मध्ये ते अभयारण्य झाले, २००२मध्ये रामसर यादीत गेले. तरीही मत्स्यतळ्यांनी ते इतके वेढले गेले की २००६मध्ये सरकारला बेकायदा तळ्यांचे बांध तोडण्याची मोहीम काढावी लागली. या परिसरातील तळ्यांत रोहू आणि कटला वाढतात आणि त्यांचे मुख्य खाद्य म्हणजे तेल काढलेला भाताचा कोंडा, अर्थात फायटेटने ठासून भरलेला पदार्थ. छिद्रे पाडलेल्या पोत्यांत कोंडा भरून ती पोती बांबूला बांधून तळ्यात सोडतात. मासे येऊन छिद्रांतून खातात. न पचलेले स्फुरद पाण्यात उतरते, शेवाळ माजते, प्राणवायू घटतो.

येथे बाजारातील तयार फायटेझ उपयोगी पडत नाही. रोहू-कटल्यांना खरे जठर नसते. त्यांच्या आतड्यात आम्लच नाही आणि ई. कोलायचे विकर तर आम्लातच रमणारे. शिवाय पोत्यातल्या कोंड्याला लावलेली भुकटी मासा येईपर्यंत पाण्यात विरघळून जाणार. उदासीन माध्यमात काम करणारी फायटेझ बॅसिलस कुळातील जीवाणूंकडे असते. ते जनुक पिकियात बसवता येते. किंवा कोंडा तळ्यात जाण्यापूर्वीच ओलसर करून काही तास विकरासोबत ठेवता येतो. किती ओल, किती वेळ, किलोला किती पैसे, याची उत्तरे भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने आणि बंगळूरुच्या पशुपोषण संस्थेने कोल्लेरूच्या बांधावर बसून काढायची आहेत. युरोपात कोणी पोत्यातून कोंडा खाऊ घालत नाही, त्यामुळे तेथील कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती सापडणार नाहीत. ‘बायोई३’च्या निधीतील पहिला हप्ता कोणाला द्यावा असे मला विचारले, तर मी या पोत्याकडे बोट दाखवीन.